चिमूटभर मोरचूद

माझ्या घरात सगळ्यांना वाटतं, मी फार सरळ माणूस. बायकोला वाटतं, मुलीला वाटतं. निवृत्त झालो त्या दिवशी कोर्टातल्या साहेबांनी हार घालताना तेच म्हटलं – यांच्या हातच्या एकाही अहवालात खोटा शब्द सापडला नाही. खरं आहे ते. सापडला नाही. जे सांगायचंय ते त्या अहवालांत नव्हतंच, मग सापडणार कुठून? आजवर ते मी कुणासमोर काढलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानाही नाही – तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलून परत येतो. तुमच्यासमोर काढतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

मी बेलीफ होतो. कोर्टाचं समन्स, नोटीस माणसाच्या घरी जाऊन पोचवायची, त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, परत येऊन अहवाल लिहायचा – हे माझं काम. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात. तालुक्याचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून आहेत.

मूळचा मी तिकडचा नव्हे. कोकणातला, देवगडच्या बाजूचा. वडील गेले आणि सातवीनंतर शाळा सुटली. वाचायला मला आवडायचं, पण आवडीला कोण विचारतो. गावचा एक जण रस्त्याच्या कामावर मुकादम होता, त्याच्या मागे मागे खानदेशात आलो. काम संपलं, मुकादम निघून गेला, मी राहिलो – कारण मला कावीळ झाली होती आणि चालवत नव्हतं. एसटी स्टँडच्या बाकावर पडून होतो. विशी गाठली होती, पण घाबरलेलो होतो लहान मुलासारखा. इथली भाषासुद्धा मला धड कळत नव्हती. माणसं 'आहे'च्या जागी 'शे, शे' करत बोलायची.

तिथे मला आबा भेटले. आबा कोर्टातले जुने बेलीफ. खाकी कोट, काखेत कातडी पिशवी. माझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले बघून थांबले.

"कोठला रे तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.

"समुद्र शे का तठे?"

हो म्हणालो.

"मंग ऊठ. आठे समुद्र नही, पन भाकर शे."

बस, एवढंच. जात विचारली नाही, कोणाचा कोण विचारलं नाही. घरी नेलं. अक्कांनी – आबांच्या बायकोने – मला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. आधी नुसतं ताक आणि उकडलेली मुळ्याची पानं. डोळे पांढरे झाले त्या दिवशी कळण्याची – ज्वारी-उडदाच्या पिठाची – भाकरी. मला भात लागायचा, तर अक्का कुठूनतरी तांदूळ आणून माझ्यापुरता वेगळा शिजवायच्या आणि वर म्हणायच्या, "भात खाईसन काय ताकद येस? पान्यानं पोट भरानं ते." पुढे आबांनीच साहेबांकडे शब्द टाकला, मी कोर्टात शिपाई लागलो. काही वर्षांनी बेलिफाची जागा निघाली, तीही मला मिळाली. राहायला मी त्यांच्याच मागच्या खोलीत. आबा मला नावाने कधी हाक मारत नसत. कोकण्या म्हणायचे.

उपकार, असं म्हणतात लोक. माझ्यात ते उपकार भीतीसारखे राहायचे. आबांच्या कपाळाला जराशी आठी पडली की मला तो स्टँडवरचा बाक दिसायचा. त्यांच्यासाठी काही करायची संधी मी शोधत असायचो, आणि त्यांना कुणाकडून काही नको असायचं. पक्षकाराच्या घरचा चहासुद्धा ते प्यायचे नाहीत. पाणी मात्र प्यायचे. म्हणायचे, पान्याले ना कोन्ही म्हनू नही.

काम त्यांनीच शिकवलं. समन्स शक्यतो हातात द्यायचं. दोनदा जाऊनही माणूस सापडला नाही, तर दोन पंच उभे करायचे आणि त्याच्या दारावर कागद चिकटवायचा. कायद्याला तेवढं पुरतं. दारावर लागला म्हणजे माणसाला मिळाला, असं कायदा धरतो. पण चिकटवायचा कसा, ते कायदा सांगत नाही. ते आबांनी सांगितलं. गव्हाचं पीठ पाण्यात शिजवून खळ करायची. घट्ट होत आली की चिमूटभर मोरचूद टाकायचा. निळे खडे असतात ना – शेतात फवारणीला आणतात, विषारी – तो मोरचूद. त्याने खळ निळसर होते, आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. नुसती पिठाची खळ असली तर शेळी चाटत बसते आणि चाटता चाटता कागदच खाऊन टाकते. खानदेशात ज्या गल्लीत जाल तिथे शेळी.

"कायद्यामा मोरचूद लिखेल नही," आबा म्हणायचे. "पन आपला हातमा शे ते."

मी कधी विसरलो नाही. तालुकाभर कित्येक दारांवर माझ्या हातचे निळे डाग होते. माझी बोटंसुद्धा कायम निळसर. अक्का जेवायला वाढताना ओरडायच्या – आधी हात धुई ये, इख पोटमा जाई.

आता सिंधूबद्दल सांगतो. नाव बदललंय.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्याच कुणाच्या नोटिशीमुळे. तिच्या शेजारी एकाच्या बांधाचा दावा होता. चैत्राचं ऊन, सायकल तापलेली. शेजारचा माणूस शेतातून येईपर्यंत मी तिच्या अंगणातल्या निंबाखाली थांबलो. तिने न मागता पाणी आणून दिलं. तिचे वडील, झिपरू नाना, खाटेवर बसून दोर वळत होते. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही गावंगाव फिरतस. त्या गावले बी जातस का?" – आणि तिने सासरच्या गावाचं नाव घेतलं. "घेवाले कधी येतीन, काही समजनं का तुम्हले?"

नाना खाटेवरूनच हसले. "अवं, तो कोर्टना मानूस शे. त्याले पाहीसन लोके दरवाजा लाई लेतस, आनि तू पानी देस."

तीही हसली. मीही. पण तिने उत्तराची वाट पाहिली, हसण्यानंतरही.

तिकडची रीत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आखाजीला – अक्षय्य तृतीयेला – लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, पुरणपोळी. आणि परत जायचं तर सासरचं माणूस घ्यायला यावं लागतं. आपणहून बोचकं उचलून गेली तर सासरी तिची किंमत राहत नाही. सिंधू आखाजीला आली होती. घ्यायला कुणी आलं नाही. दिवाळी गेली, पुढच्या दोन आखाज्या गेल्या. ती रोज वाट बघत होती. आता कायद्याचं बघा. बायको दोन वर्षं नांदायला आली नाही, तर कायदा म्हणतो – तिने नवऱ्याला सोडलं. तेच घर, तोच दरवाजा, तेच दिवस. रिवाजात ते वाट पाहणं, आणि कायद्यात सोडून जाणं. दोन्हीपैकी खरं काय, हे ठरवायला तर कोर्ट असतं ना? पण त्यासाठी तिला कोर्टात येऊन बोलावं लागतं. आणि बोलायला यायचं, तर आधी तिला कळावं लागतं.

ते कळवणारा मी.

समन्स माझ्या हातात आलं तेव्हा पावसाळा सरून बाजारात ओल्या शेंगा यायला लागल्या होत्या. घटस्फोटाचा दावा. 'प्रतिवादी स्वतःच्या मर्जीने नांदणे सोडून निघून गेली.' खाली तिचं नाव, तिच्या वडिलांचं गाव. आणि वर नवऱ्याचं नाव – तो आबांचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा. सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होता, आणि तिकडेच त्याचं दुसरं काही जमत होतं म्हणे. मला हे नातं तोवर ठाऊक नव्हतं.

आबांनी मला कोर्टामागच्या भिंतीकडे नेलं. माझ्याकडे न बघता बोलले.

"बुधवारले जाय."

"बुधवारी बाजार असतो, आबा. ती माळवं घेऊन येते इकडे. नानाही येतात. घरी कुणी नसणार."

"म्हनीसनच सांगस."

मी समन्स पिशवीत घातलं. मग त्यांनी एकदम सगळं बोलून टाकलं. "तू हातमा देशी, ती रडी. झिपरू मना दार येई, मना पाय धरी. बहीन मनी, भाचा मना – मी त्याले काय सांगू? तू कागद दरवाजाले लाव. सांजले घर येतीन, दखतीन, कोनाकडथून वाची लेतीन, कोर्टमा येतीन. येवाच पाहिजे त्यासनी. फक्त तोंडवर नको देऊ. आनि खोटं काही लिखू नको."

ऐकलंत ना? आबांनी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. तिला कळू देऊ नकोस असंही सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त तिचं रडणं बघायचं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढचं सगळं वाचताना आबांवर काही ढकलू नका.

पहिल्या बुधवारी गेलो. दाराला कुलूप. गावात विचारलं – बाजारला गेली. लिहिलं : 'घरी मिळून आली नाही.' खरं. दुसऱ्या बुधवारी गेलो. कुलूप. गावचा कोतवाल आणि पिठाच्या गिरणीवाला, असे दोन पंच घेतले. त्यांच्यासमोर डब्यातली खळ दारावर फासली, छातीएवढ्या उंचीवर समन्स लावलं, तळव्याने चारी कोपरे दाबले. दोघांनी सह्या केल्या. तारीख घातली. कोतवालाला बाजार गाठायचा होता, गिरणीवाल्याची गिरणी चालू होती. दारावरचा कागद तिला दिसेलच, असं धरून दोघे गेले.

मी सायकलपाशी निंबाखाली उभा राहिलो. निघायला पाहिजे होतं. का थांबलो होतो? – मला माहीत आहे का थांबलो होतो. सांगतो पुढे.

शेजारची करडी शेळी मोकळी होती. ती अंगणातून फिरत आली. दाराशी थांबली, हुंगली. आधी खाली ओघळलेली खळ चाटली. मग पुढचे दोन्ही पाय दारावर टेकवून उभी राहिली – शेळ्या पाल्यासाठी उभ्या राहतात ना, तशी – आणि कागदाचा खालचा कोपरा ओढला. कागद अजून ओला होता. सहज सुटला. तिने तो खाल्ला. घाई केली नाही. खाताना एकदा माझ्याकडे बघितलं.

'हट' म्हणायला किती वेळ लागतो? एक खडा उचलायला? माझ्या आणि तिच्या मध्ये दहा पावलं होती. सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून मी सगळा कागद संपेपर्यंत उभा राहिलो. मग सायकलवर बसलो.

तुम्ही विचाराल, मग मोरचूद? शेळी तोंड लावत नाही म्हणालात ना? थांबा. तिथपर्यंत यायला मला अजून थोडा वेळ लागणार आहे.

अहवाल लिहिला. 'दोन पंचांसमक्ष प्रतिवादीच्या राहत्या घराच्या दर्शनी दारावर समन्सची नक्कल चिकटवली.' एकही शब्द खोटा नाही. तारीख आली, सिंधू आली नाही. पुढची तारीख आली, आली नाही. येणार कशी? एकतर्फी निकाल झाला. निकालावर दाद मागायची मुदत असते. त्या मुदतीत मी तिच्या गावावरून दोनदा गेलो. एकदा ती विहिरीवर होती. ओळखून तिने पदर सावरला, बहुतेक काहीतरी विचारणार होती. मी सायकलवरून उतरलो नाही.

तिला कळलं ते बाजारात. सावद्याकडची एक बाई वांगी निवडता निवडता बोलून गेली की अमक्याचं लग्न लागलं, नवी बायको आणली, कोर्टाचा कागद घेऊन रीतसर. सिंधूच्या गळ्यात त्याच्याच नावाची पोत होती. म्हणे, तिने तराजू खाली ठेवला आणि बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मग नाना एका तरुण वकिलाकडे गेले. अर्ज दाखल झाला – आम्हाला समन्स मिळालंच नाही, निकाल रद्द करा, आमचं ऐका. त्या अर्जावर साक्षीला मी.

शपथ घेतली. दोन्ही हात कठड्यावर ठेवले. समोर बाकावर सिंधू, बाजूला नाना. मागे भिंतीला टेकून आबा. तिच्या वकिलाने विचारलं, तुम्ही स्वतः समन्स चिकटवलंत? हो. कुठे? दर्शनी दारावर. पंच हजर होते? हो. तारीख काय? सांगितली. मला एकाच प्रश्नाची धास्ती होती – वार कोणता? दोन्ही वेळा बुधवारच कसा? गेल्या सालचं कॅलेंडर तर अजून साहेबांच्या मागच्या भिंतीवरच लटकत होतं, मला ते दिसत होतं. एक पान उलटायचं होतं कुणीतरी. वकील तरुण होता, चांगला होता, पण तालुक्याचा नव्हता. बाजार कधी भरतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कागद खाली ठेवले. चिकटवल्यानंतर त्या समन्साचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. शपथ अशी असते – विचारलं त्याचं खरं सांगायचं. मी खरं सांगितलं.

मग सिंधू उभी राहिली. समोरच्या वकिलाने विचारलं, त्या दिवशी घरी आलीस तेव्हा दारावर काहीच दिसलं नाही का, नीट आठव.

ती नाही म्हणाली असती तर? कदाचित साहेबांनी विचार केला असता. पण तिने आठवलं. मनापासून आठवलं.

"दरवाजाले पीठ लागेल व्हतं, साहेब. पांढरं. वाळी गयेल. आळीमाना पोरेसनी खेळ करा व्हई, असं वाटनं. मी पुसी टाकं."

वकील लगेच म्हणाला, म्हणजे काहीतरी चिकटवलेलं होतं. साहेबांनी लिहून घेतलं. तिच्या खरेपणाने तिचाच अर्ज बुडत होता, आणि ते तिला कळत नव्हतं. तिला दुसरंच सांगायचं होतं. ती म्हणाली, "साहेब, मी सोडी गयी नही. घेवालेच कोन्ही उनं नही."

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून हळू म्हणाले, "बाई, आज प्रश्न तो नाही. दारावर समन्स लागलं होतं की नाही, एवढाच आहे."

तिला ते एकच वाक्य कोर्टाला सांगायचं होतं. ते तिने सांगितलं, आणि ते त्या दिवसाच्या प्रश्नात बसलं नाही. कागदोपत्री ती कायमची सोडून गेलेली बाई राहिली.

मी मात्र दुसऱ्याच शब्दाशी अडकलो होतो. पांढरं. ती पांढरं म्हणाली. मान वर करून मागे पाहिलं तर आबा माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही. कठड्यावरच्या बोटांकडे.

अर्ज नामंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात सिंधू माझ्यासमोरून गेली, दोन पावलं जाऊन परत आली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. त्या शिव्या मला हव्या होत्या. ती म्हणाली, "तुम्ही कसाले खोटं बोलशात, भाऊ. कागद लायेल व्हई तुम्ही. मनंच ध्यान नही ऱ्हायनं." – आणि नानांचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी आबा मागच्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. "कोकण्या," म्हणाले, "खळ नेहमीनी व्हती ना?"

"हो, आबा."

या सगळ्या प्रकरणात मी उघड खोटं बोललो ते एवढंच. कोर्टात नाही, शपथेवर नाही. ज्यांनी मला बाकावरून उचललं, त्यांच्याशी. आबांनी दाराची कडी धरली होती, ती सोडली. मग म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पण भाच्याच्या घरी ते पुन्हा गेले नाहीत, आणि माझ्या हातची खळही त्यांनी पुन्हा वापरली नाही. स्वतःची स्वतः करायला लागले.

आता सांगतो.

त्या दुसऱ्या बुधवारी सकाळी अक्कांच्या चुलीवर मी खळ शिजवली. घट्ट होत आली. मोरचुदाची डबी कोनाड्यात असायची. मी ती हातात घेतली. झाकण उघडलं. निळे खडे दिसले. झाकण लावलं आणि डबी परत कोनाड्यात ठेवली.

विसरलो नाही. विसरलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. डबी हातात असताना माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य होतं – कागद राहिला नाही तर आबांचं काम सोपं होईल. आबांनी मागितलं त्याहून थोडं जास्त द्यायचं होतं मला. इतक्या वर्षांत त्यांना देता येईल असं काहीतरी सापडलं होतं. अंगणात मी थांबलो ते त्यासाठीच – शेळी येते की नाही बघायला. आली नसती तर? तर मी म्हटलं असतं, नशीब. आली, तेव्हा मनात काय आलं तेही सांगतो. झालं, असं आलं. काम झाल्यावर येतं ना, तसं.

मला पाणी देणाऱ्या बाईच्या दारावर मी हे केलं.

काही वर्षांनी एका म्हाताऱ्या वकिलांना मी आडून विचारलं होतं – एखाद्या बेलिफाने साधी खळ वापरली आणि कागद शेळीने खाल्ला, तर त्याचा गुन्हा काय? ते हसले. म्हणाले, शेळीवर खटला भरा. मग विचार करून म्हणाले, काही नाही, कुठल्याच कलमात बसत नाही. कलम असतं तर शिक्षा असती, शिक्षेला मुदत असती. इथे मुदतच नाही. कायद्याने मला कधी पकडलं नाही, याचं कारण मी त्याला पुरेपूर पाळलं होतं.

आबा गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोलायला वेळ होता, दुपारभर होता. ते शुद्धीवर होते. मी त्यांना पाणी पाजत राहिलो आणि पावसापाण्याचं बोलत राहिलो.

त्यानंतर, नव्वद सालाच्या पुढे, त्याच गल्लीत एक नोटीस निघाली. तोवर मी ते गाव दुसऱ्या बेलिफाशी अदलाबदल करून टाळत आलो होतो. त्या दिवशी तो रजेवर होता. बुधवार होता. नोटीसवाला माणूस बाजारातून यायचा होता, म्हणून मी निंबाखाली उभा राहिलो. पिशवीत खळीचा डबा होता – आता मी चिमटीऐवजी मूठभर मोरचूद टाकायचो, डबा गर्द निळा असायचा. त्याने काय होत होतं?

नाना गेल्याचं मला माहीत होतं. दुपार उतरताना सिंधू एकटी आली, डोक्यावर रिकामी टोपली. केस कानाजवळ पांढरे झालेले. तिने टोपली उतरवली, कमरेची किल्ली काढली. पण कुलूप लगेच उघडलं नाही. उजवा हात पसरला, आणि दाराच्या वरच्या चौकटीपासून खाली उंबऱ्यापर्यंत सावकाश फिरवत आणला. मग दुसऱ्या फळीवरून. मग वाकून उंबऱ्याच्या कडेला खाली पडलंय का काही, ते पाहिलं. देवाला निघताना हात लावावा, इतक्या सवयीने. तिला वाचता येत नव्हतं. हाताने शोधत होती.

मग तिने कुलूप उघडलं, वळली, आणि मी दिसलो. ओळखलं.

"भाऊ, किती दिवसमा," म्हणाली. "पानी पेतस ना?"

ती आत गेली, तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो.